जुन्या सिस्टिमवर नवा कम्पायलर बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या कॉलेजांच्या लॅब, हिंगणा-बुटीबोरीचे कारखाने आणि जुना डेस्कटॉप जपून वापरणारे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न सेंटओएस ६ आणि ७, उबुंटू १४.०४ आणि १६.०४ या लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांवरचे असतात, म्हणून उत्तरंही मुख्यतः लिनक्सची आणि जीसीसीची, म्हणजे सी आणि सी++ कोडचा चालता प्रोग्राम बनवणाऱ्या कम्पायलरची आहेत. क्लँग (दुसरा सी++ कम्पायलर), रस्ट आणि गो या भाषा आणि विंडोज शेवटाकडे येतात. आज्ञा आणि पर्यायांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची.

१. एवढा खटाटोप काहून करायचा? सरळ नवीन सिस्टिम टाकून मोकळं का होऊ नये?

टाकता येत असेल तर जरूर टाका. सेंटओएस ६ ची मुदत ३० नोव्हेंबर २०२० ला संपली, ७ ची ३० जून २०२४ ला. त्यानंतर सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, त्यामुळे असं मशीन उघड्या इंटरनेटवर ठेवू नये.

पण प्रत्येकाला ते जमत नाही. कारखान्यातल्या मोजमापाच्या यंत्राला जोडलेलं पीसीआय कार्ड असतं, त्याचा ड्रायव्हर फक्त सेंटओएस ६ च्या २.६.३२ कर्नलवर (सिस्टिमच्या गाभ्यावर) चालतो, आणि कार्ड बदलायचं म्हणजे अख्खं यंत्र बदलायचं. लॅबमध्ये परवाना घेतलेलं सॉफ्टवेअर एकाच आवृत्तीला बांधलेलं असतं. अशा ठिकाणी मशीन निकामी ठरवण्याची घाई करू नका. सिस्टिम आहे तशी राहू द्या आणि नवा कम्पायलर तिच्या शेजारी, स्वतंत्र फोल्डरमध्ये बसवा. खालची सगळी उत्तरं याच पद्धतीवर उभी आहेत.

२. नव्या उबुंटूवरचा तयार जीसीसी कॉपी करून आणला तर चालत नाही का?

नाही. तो प्रोग्राम नव्या जीलिबसीवर (जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणाऱ्या सिस्टिमच्या सी लायब्ररीवर) बांधलेला असतो, आणि सुरू करताच ‘जीलिबसी २.३४ सापडत नाही’ अशा धर्तीचा संदेश येतो. जीलिबसी मागे वळून पाहते, पुढचं तिला दिसत नाही: जुन्या सिस्टिमवर बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावरचं जुन्यावर चालत नाही. सेंटओएस ६ वर जीलिबसी २.१२ आहे, ७ वर २.१७, उबुंटू १४.०४ वर २.१९ आणि १६.०४ वर २.२३. म्हणून नवा कम्पायलर त्या जुन्या सिस्टिमवरच सोर्समधून (मूळ कोडमधून) बांधावा लागतो. दुसरा मार्ग प्रश्न १६ मध्ये आहे.

३. सुरुवात करण्याआधी काय काय तपासू?

चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा. ‘जीसीसी -व्ही’ने कम्पायलरची आवृत्ती, ‘एलडीडी --व्हर्जन’ने जीलिबसीची, ‘यूनेम -आर’ने कर्नलची आणि ‘एएस --व्हर्जन’ने असेंब्लरची (कम्पायलरने दिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामची) कळते. जी++ (जीसीसीचा सी++ कम्पायलर) बसवलेलं आहे का तेही बघा. बऱ्याच जुन्या मशीनवर फक्त सी कम्पायलर असतो, आणि मग पहिल्याच पायरीला अडतं. मदत मागताना या चार ओळी सोबत पाठवल्या तर निम्मं काम झालेलं असतं.

४. माझ्याकडे जुनं जीसीसी आहे. त्यावरून थेट सगळ्यात नव्या आवृत्तीवर उडी मारता येते का?

प्रत्येक वेळी नाही. सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, म्हणून जरा सविस्तर.

जीसीसी स्वतः कोणत्या भाषेत लिहिलेलं आहे त्यावर नियम ठरतो. ४.७ पर्यंत ते साध्या सी कम्पायलरने बांधता येत होतं. ४.८ पासून सी++ लागू लागलं. ४.८ ते १० या आवृत्त्यांना सी++९८ समजणारा कम्पायलर पुरतो. ११ ते १४ यांना सी++११ हवं, म्हणजे हाताशी जीसीसी ४.८.३ किंवा त्यापुढचं हवं. १५ ला सी++१४ लागतं, त्यासाठी किमान ५.४.

आता हे आपल्या मशीनला लावून बघू. सेंटओएस ७ वर ४.८.५ आहे, त्यावरून १४ थेट बांधता येतं, १५ साठी मध्ये एक पायरी घ्यावी लागते. उबुंटू १६.०४ अपडेट केलेलं असेल तर ५.४ आहे, तिथून १५ थेट. उबुंटू १४.०४ मूळ स्वरूपात ४.८.२ घेऊन आलं होतं, नंतरच्या अपडेटमध्ये ४.८.४ मिळालं, तेव्हा आधी ते अपडेट झालंय का बघा. सेंटओएस ६ वर ४.४.७ आहे: आधी ९.५ बांधा, त्या ९.५ ने १४ किंवा १५. सेंटओएस ५ च्या ४.१.२ वरून मी ४.९.४, मग ९.५ आणि मग पुढचं, असा रस्ता सांगतो. कागदावर तिथून ९.५ ला थेट जाता येतं, पण इतक्या जुन्या कम्पायलरमधले सी++चे दोष मोठ्या उडीत हमखास आडवे येतात.

मधल्या पायरीचा कम्पायलर फक्त पुढचा बांधण्यापुरता असतो. त्याला फोर्ट्रान, ऑब्जेक्टिव्ह-सी वगैरे काही लागत नाही. कॉन्फिगर या, बांधण्याआधी मशीन तपासून तयारी करणाऱ्या स्क्रिप्टला ‘एनेबल-लँग्वेजेस’मध्ये फक्त सी आणि सी++ द्या आणि ‘डिसेबल-लिबसॅनिटायझर’ लावा. ही मेमरीच्या चुका पकडणारी सॅनिटायझर लायब्ररी कर्नलच्या हेडरमध्ये (घोषणांच्या फाइलींमध्ये) फार खोलवर हात घालते आणि जुन्या हेडरवर तीच सगळ्यात आधी मोडते.

५. सोर्स डाउनलोडच होत नाही. सर्टिफिकेटची एरर येते.

तीन कारणं असू शकतात. पहिलं, ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीची लायब्ररी) फार जुनं. टीएलएस १.२ या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीची सोय ओपनएसएसएल १.०.१ मध्ये, म्हणजे २०१२ साली आली. सेंटओएस ५ वर ०.९.८ आहे, ते आजच्या बहुतेक सर्व्हरशी बोलूच शकत नाही. दुसरं, सर्टिफिकेटांची यादी जुनी. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची साखळी ज्या मूळ सर्टिफिकेटवर टेकली होती ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, आणि त्या दिवसापासून असंख्य जुन्या मशीनवर चांगल्या साइटही ‘अविश्वसनीय’ दिसू लागल्या. तिसरं कारण कोणी तपासत नाही: मशीनचं घड्याळ. मदरबोर्डवरचा बटणसेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि कोणतंही सर्टिफिकेट ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं ठरतं. सेल साधारण सीआर२०३२ असतो, सीताबर्डीवर कुठेही मिळतो. घड्याळ बरोबर नसेल तर पुढे मेकही (बांधणीची कामं क्रमाने चालवणारी आज्ञा) ‘क्लॉक स्क्यू’ची तक्रार करतं आणि अर्धवट बिल्ड होतो, तेव्हा हे आधीच दुरुस्त करा.

सर्टिफिकेट तपासणी बंद करून डाउनलोड करू नका. दुसऱ्या, नव्या मशीनवर उतरवा, सोबतच्या फाइलमधल्या एसएचए५१२ बेरजेशी ताडून बघा आणि पेन ड्राइव्हने आणा. एक्सझेड उघडण्याची सोय नसेल तर जीझिपवाली टार फाइल घ्या. जीसीसी दोन्ही प्रकारांत मिळतं. सेंटओएसची स्वतःची पॅकेजं आता ‘व्हॉल्ट’ नावाच्या संग्रहात आहेत, यमच्या (पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेच्या) फाइलींमध्ये तो पत्ता घालावा लागतो.

६. जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी नाही म्हणून कॉन्फिगर थांबतं. हे सगळं वेगवेगळं बांधत बसू का?

गरज नाही. जीसीसीच्या सोर्समध्ये ‘कॉन्ट्रिब’ फोल्डरात ‘डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स’ नावाची स्क्रिप्ट आहे. ती या गणिताच्या लायब्ऱ्यांच्या योग्य आवृत्त्या उतरवून सोर्समध्येच ठेवते आणि मग त्या जीसीसीबरोबर आपोआप बांधल्या जातात. इंटरनेट नसेल तर त्याच आवृत्त्यांच्या टार फाइली आणून सोर्स फोल्डरमध्ये उघडा आणि फोल्डरच्या नावातला आवृत्तीचा आकडा काढून नुसतं ‘जीएमपी’, ‘एमपीएफआर’, ‘एमपीसी’ असं नाव ठेवा. जीएमपीला एम४ हे साधन लागतं, ते आधी बसवून घ्या. ‘मेकइन्फो सापडलं नाही’ हा इशारा फक्त कागदपत्रांपुरता असतो, तो सोडून द्या.

७. नेमक्या पायऱ्या सांगाल का?

सेंटओएस ७ वर जीसीसी १४ बांधायचं आहे असं धरू.

सोर्स एका फोल्डरात उघडा आणि बिल्डसाठी शेजारी वेगळा, रिकामा फोल्डर करा. सोर्सच्या आत कॉन्फिगर चालवू नका. जीसीसी तसं बांधणं अधिकृतपणे मान्य नाही आणि चुका विचित्र ठिकाणी निघतात. एलडी_लायब्ररी_पाथ, लायब्ररी_पाथ, सी_इन्क्लूड_पाथ हे चल (लायब्ररी आणि हेडर कुठे शोधायची ते सांगणारी सेटिंग) आधी पुसा. कोणीतरी कधीकाळी प्रोफाइलमध्ये घातलेले असतात आणि त्यांच्यामुळे नवा कम्पायलर चुकीची हेडर उचलतो.

मग बिल्ड फोल्डरमधून कॉन्फिगर चालवा. ‘प्रिफिक्स’मध्ये कम्पायलर बसवायचा /ऑप्ट/जीसीसी-१४ असा स्वतंत्र पत्ता द्या. /यूएसआर कधीच देऊ नका, आणि /यूएसआर/लोकलही मी देत नाही, कारण तिथल्या वस्तू बाकीचे प्रोग्राम नकळत उचलतात. ‘डिसेबल-मल्टिलिब’ लावा (कारण प्रश्न ११ मध्ये), भाषा सी आणि सी++ ठेवा. ‘प्रोग्राम-सफिक्स’मध्ये ‘-१४’ दिलंत तर आज्ञा ‘जीसीसी-१४’ अशी होते आणि जुन्याशी गल्लत होत नाही.

कॉन्फिगर संपलं की ‘स्क्रीन’ (खिडकी बंद झाली तरी काम चालू ठेवणारी आज्ञा) उघडून त्यात मेक चालवा आणि सगळा मजकूर एका लॉग फाइलमध्ये जाऊ द्या. एरर आली तर शेवटची ओळ वाचून उपयोग नसतो. खरी चूक बरीच वर असते, ‘एरर’ हा शब्द लॉगमध्ये पहिल्यांदा जिथे येतो तिथे. कॉन्फिगरच अडलं तर त्या त्या उपफोल्डरमधली ‘कॉन्फिग.लॉग’ उघडा. शेवटी ‘मेक इन्स्टॉल’. फोल्डर तुमच्या नावावर असेल तर त्यासाठी रूटच्या (मुख्य वापरकर्त्याच्या) हक्कांचीही गरज नाही.

८. किती वेळ, किती जागा, किती रॅम?

डिस्कवर दहा जीबी मोकळी असू द्या. रॅम ४ जीबी असेल तर निभावतं, २ जीबीवर एका वेळी एकच काम चालवावं लागतं. वेळ प्रोसेसरवर आहे: जुन्या ड्युअल कोअरवर अख्खी रात्र धरून चाला. कारण जीसीसी स्वतःला तीनदा बांधतं. जुना कम्पायलर पहिली प्रत बांधतो, ती पहिली प्रत दुसरी, दुसरी तिसरी, आणि मग दुसरी-तिसरी ताडून पाहिली जाते. ‘डिसेबल-बूटस्ट्रॅप’ने हे टाळता येतं, पण सुरुवातीचा कम्पायलर फार जुना असेल तर टाळू नका. त्याचे दोष पकडणारी हीच चाळणी आहे.

आता उन्हाळ्याचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि नवतप्यात (उन्हाच्या कडक नऊ दिवसांत) बंद खोलीतलं जुनं मशीन सलग काही तास पूर्ण ताकदीने चालवणं त्याच्या जिवावर येतं. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो. ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेत) ‘सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड’ दिसलं तर तेच समजा. हीटसिंकवरची धूळ काढा, सुकलेली थर्मल पेस्ट बदला, बिल्ड रात्री दहानंतर लावा. आणि डेझर्ट कूलर कॅबिनेटच्या तोंडासमोर ठेवू नका. त्याची हवा ओलसर असते, वाळ्याच्या ताट्यांतून आलेले बारीक थेंब आणि क्षार बोर्डावर बसतात. कूलर खोलीत असू द्या, मशीनच्या दिशेने नको, आणि खिडकी उघडी हवी.

९. मध्येच ‘किल्ड’ असं येऊन सीसी१प्लस (जीसीसीचा सी++ भाग) बंद पडतं.

रॅम संपली आणि कर्नलने तो प्रोसेस मारला. ‘डीमेसेज’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ दिसेल. मेकचा ‘-जे’ आकडा (एका वेळी किती कामं) १ करा, ४ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) बनवून चालू करा आणि मेक पुन्हा सुरू करा. झालेलं काम वाया जात नाही.

१०. बिल्ड चालू असताना लाइट गेली. पहिल्यापासून करावं लागेल?

बहुतेक वेळा नाही. त्याच बिल्ड फोल्डरमध्ये पुन्हा मेक द्या, जिथे थांबलं तिथून पुढे जाईल. फक्त वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहू शकते, आणि मेकला ती पूर्णच वाटते. म्हणून बिल्ड फोल्डरमधल्या शून्य बाइटच्या आणि शेवटच्या दोन-चार मिनिटांतल्या ऑब्जेक्ट फाइली पुसून मग सुरू करा. तरीही लिंक होताना ‘फाइल फॉरमॅट ओळखता येत नाही’ असं आलं तर बिल्ड फोल्डर पूर्ण पुसा. सोर्स राहू द्या.

११. ‘स्टब्स-३२’ नावाचं हेडर सापडत नाही असं का येतं? मी तर ६४ बिट वापरतो.

जीसीसी ६४ बिट मशीनवर ३२ बिटच्या लायब्ऱ्याही बांधायला जातं आणि त्यासाठी ३२ बिट जीलिबसीची हेडर मागतं. तुम्हाला ३२ बिट प्रोग्राम बनवायचे नसतील तर ‘डिसेबल-मल्टिलिब’ लावून रिकाम्या बिल्ड फोल्डरमध्ये पुन्हा कॉन्फिगर करा. बनवायचे असतील तर ३२ बिट जीलिबसीचं डेव्हलपमेंट पॅकेज बसवा.

१२. ‘बूटस्ट्रॅप कम्पॅरिझन फेल्युअर’ म्हणजे काय झालं?

प्रश्न ८ मधली दुसरी आणि तिसरी प्रत जुळली नाही. दोन्ही एकाच सोर्समधून, एकसारख्याच कम्पायलरने झालेल्या, म्हणजे जुळायलाच हव्यात. सुरुवातीचा कम्पायलर सदोष असेल तर मध्ये एक पायरी घाला (प्रश्न ४). पर्यावरणात वेडेवाकडे सीफ्लॅग्ज घातले असतील तर काढा. आणि प्रत्येक वेळी वेगळ्याच फाइलवर अडत असेल तर रॅमवर संशय घ्या: मेमटेस्ट रात्रभर चालवा. पुन्हा चालवलं की आपोआप पुढे जाणारा सेगमेंटेशन फॉल्टही त्याच घरचा. ही ताडणी बंद करून पुढे जाता येतं, पण जाऊ नका. अशा कम्पायलरने बांधलेल्या कशावरच भरवसा ठेवता येणार नाही.

१३. ‘नो सच इन्स्ट्रक्शन’ अशा एरर असेंब्लरकडून येतात.

कम्पायलर नवा, पण असेंब्लर जुना. नव्या प्रोसेसरच्या सूचना, उदाहरणार्थ एव्हीएक्स-५१२, जुन्या बिनयुटिल्सला (असेंब्लर आणि लिंकर ज्यात येतात त्या संचाला) माहीतच नसतात. सेंटओएस ६ वर बिनयुटिल्स २.२० आहे. आधी नवं बिनयुटिल्स त्याच प्रिफिक्समध्ये बांधा, त्याचा बिन फोल्डर पाथमध्ये पुढे ठेवा आणि मग जीसीसी नव्याने कॉन्फिगर करा. बिनयुटिल्सचा बिल्ड छोटा असतो, चहा होईपर्यंत आटोपतो.

१४. कम्पायलर झाला, प्रोग्रामही कम्पाइल झाला, पण चालवताना ‘जीलिबसीएक्सएक्स_३.४.२० सापडत नाही’ म्हणतो.

प्रोग्राम नव्या लिबएसटीडीसी++वर (सी++च्या प्रमाण लायब्ररीवर) बांधला गेला, चालताना मात्र सिस्टिमची जुनी उचलली गेली. सेंटओएस ७ ची लायब्ररी ३.४.१९ पर्यंतच जाते, ३.४.२० जीसीसी ४.९ बरोबर आलं आणि ३.४.२१ जीसीसी ५ बरोबर. तुमच्या लायब्ररीत काय आहे ते ‘स्ट्रिंग्ज’ आज्ञेने बघता येतं.

उपाय तीन, माझ्या पसंतीच्या क्रमाने. लिंक करताना ‘-स्टॅटिक-लिबएसटीडीसी++’ आणि ‘-स्टॅटिक-लिबजीसीसी’ द्या, म्हणजे लायब्ररी प्रोग्रामच्या आतच जाते आणि तो दुसऱ्या सेंटओएस ७ वरही तसाच चालतो. किंवा ‘आरपाथ’ देऊन नव्या लायब्ररीचा पत्ता प्रोग्राममध्ये कोरा. प्रोग्राम अनेक सी++ लायब्ऱ्या चालताना उघडत असेल तर हेच बरं. एलडी_लायब्ररी_पाथ हा तिसरा, आणि तोही त्या एका प्रोग्रामच्या सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्येच, प्रोफाइलमध्ये नाही. सिस्टिमच्या फोल्डरमधली लायब्ररी फाइल बदलण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

१५. मग जीलिबसीच नवी टाकली तर सगळे प्रश्न मिटतील ना?

सिस्टिमची जीलिबसी बदलू नका. एलएस, बॅश, यम, लॉगिन, सगळं त्या एका लायब्ररीवर चालतं. ती अर्धी बदलली गेली की कोणतीच आज्ञा चालत नाही, दुरुस्त करायला लागणारी कॉपीची आज्ञासुद्धा. आणि मशीन दुसऱ्या गावी असेल तर प्रवास आलाच. शिवाय जीलिबसी २.२६ पासून कर्नल ३.२ किंवा पुढचाच लागतो, त्यामुळे २.६.३२ वर ‘कर्नल टू ओल्ड’ म्हणून ती सुरूच होत नाही. स्टॅटिक प्रोग्रामलाही हेच लागू.

१६. नव्या लॅपटॉपवर बांधून जुन्या मशीनवर नेता येईल का?

येईल, आणि जुनं मशीन फारच हळू असेल तर हाच शहाणपणा. लॅपटॉपवर सेंटओएस ७ चा कंटेनर (लॅपटॉपच्याच कर्नलवर चालणारी वेगळी बंदिस्त सिस्टिम) किंवा व्हर्च्युअल मशीन उघडा, आत प्रश्न ७ प्रमाणे बांधा आणि /ऑप्टमधला फोल्डर उचलून न्या. पायथनची ‘मेनीलिनक्स२०१४’ पॅकेजंही याच युक्तीने, सेंटओएस ७ आणि जीलिबसी २.१७ धरून बांधली जातात.

सेंटओएस ६ चा कंटेनर मात्र बऱ्याच नव्या कर्नलवर सुरू होताच १३९ या कोडने मरतो. त्याची जीलिबसी व्हीसिसकॉल नावाची जुनी वाट वापरते आणि ती अशा कर्नलमध्ये बंद असते. लॅपटॉपच्या बूट ओळीत ‘व्हीसिसकॉल=एम्युलेट’ घाला, किंवा सरळ व्हर्च्युअल मशीन वापरा.

कंटेनर नको असेल तर क्रॉसटूल-एनजी आहे. त्यात जीलिबसी आणि कर्नल हेडरची हवी ती आवृत्ती निवडून अख्खा संच बांधता येतो. आणि फक्त एखादा छोटा प्रोग्राम न्यायचा असेल तर मसलवर (जीलिबसीऐवजी वापरायच्या छोट्या सी लायब्ररीवर) स्टॅटिक बांधा, तो २.६ कर्नलवरही चालतो.

१७. उलट केलं तर? जुन्या मशीनवरच नव्या उबुंटूचा कंटेनर?

सेंटओएस ६ वर विसरा, कारण प्रश्न १५ मध्ये आहे. सेंटओएस ७ च्या ३.१० कर्नलवर जमतं, पण डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) जुना असेल तर नव्या प्रतिमांमध्ये (कंटेनरच्या तयार साच्यांमध्ये) थ्रेड तयार होताना ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येतं. नवी जीलिबसी क्लोन३ ही कर्नल हाक वापरते आणि जुना डॉकर ती अनोळखी म्हणून नाकारतो. डॉकर २०.१०.१० किंवा पुढचं घ्या.

१८. सोर्समधून न बांधता सेंटओएस ७ वर नवं जीसीसी मिळत नाही का?

मिळतं. ‘डेव्हटूलसेट-११’ या तयार पॅकेजसंचात जीसीसी ११.२ आहे, आता व्हॉल्टमधून. सी++१७ एवढंच हवं असेल तर हेच घ्या, बांधण्याचा विचारही करू नका. याची रचना सुंदर आहे: सिस्टिमच्या जुन्या लायब्ररीत जे नाही तेवढंच प्रोग्राममध्ये स्टॅटिक भरलं जातं, त्यामुळे प्रश्न १४ उद्भवतच नाही. मर्यादा पुढच्या प्रश्नात.

१९. लिंक करताना ‘सीएक्सएक्स११ बेसिक_स्ट्रिंग’ची ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येते. लायब्ररी तर जागेवर आहे.

जीसीसी ५ मध्ये स्ट्रिंग आणि लिस्टची आतली मांडणी बदलली. जुन्या जीसीसीने बांधलेली लायब्ररी आणि नव्याने बांधलेला तुमचा प्रोग्राम एकमेकांच्या स्ट्रिंग ओळखत नाहीत. लायब्ररीचा सोर्स असेल तर ती नव्या कम्पायलरने पुन्हा बांधा. नसेल, म्हणजे कार्डासोबत आलेली बंद लायब्ररी असेल, तर तुमचा सगळा कोड ‘_जीएलआयबीसीएक्सएक्स_यूज_सीएक्सएक्स११_एबीआय’ शून्य ठेवून बांधा. सगळा म्हणजे सगळा. एक फाइल राहिली तरी तीच एरर. डेव्हटूलसेट सेंटओएस ७ वर कायम जुनीच मांडणी वापरतं, त्यामुळे तिथे हा आकडा १ करून काही होत नाही.

२०. कर्नल मॉड्यूलही नव्या जीसीसीने बांधू का?

नको. कर्नल ज्या कम्पायलरने बांधला त्याच्याच जवळपासच्याने त्याची मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे जोडभाग) बांधावीत. म्हणूनच सिस्टिमचं जीसीसी जागेवर हवं.

२१. क्लँग बांधायचं आहे. जीसीसीपेक्षा सोपं आहे का?

रचना स्वच्छ, पण मागण्या जास्त. क्लँग ज्याचा भाग आहे त्या एलएलव्हीएमला आवृत्ती १६ पासून सी++१७ लागतं, म्हणजे जीसीसी ७.४ तरी हवं. तेव्हा सेंटओएस ७ वर आधी डेव्हटूलसेट किंवा स्वतः बांधलेलं जीसीसी. अलीकडच्या आवृत्त्यांना सीमेक (बांधणीची तयारी करणारं साधन) ३.२० लागतं आणि सेंटओएस ७ वर २.८.१२ आहे. सीमेक स्वतःच्या बूटस्ट्रॅप स्क्रिप्टने बांधता येतं. ओपनएसएसएलवर अडलं तर तो भाग बंद करा.

खरी अडचण लिंक करताना येते. एकेक लिंक काम भरपूर रॅम खातं आणि निंजा (मेकच्या जागी वापरायचं साधन) चार-चार एकदम सुरू करतं. ‘एलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्स’ १ ठेवा, प्रकार ‘रिलीज’, आणि टार्गेटमध्ये फक्त एक्स८६. डीबग प्रकार जुन्या डिस्कवर मावणारच नाही.

बांधून झाल्यावर ‘क्लँगला सी++१७ येत नाही’ अशी तक्रार करणारे पुष्कळ. क्लँगला येतं, पण तो लिनक्सवर सिस्टिमची ४.८ ची हेडर उचलतो. ‘--जीसीसी-टूलचेन’ने त्याला नव्या जीसीसीचा पत्ता द्या.

२२. रस्ट आणि गो?

रस्ट १.६४ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२२ पासून, जीलिबसी २.१७ आणि कर्नल ३.२ लागतो. सेंटओएस ७ बसतं, ६ नाही. सोर्समधून बांधायला मागची आवृत्ती लागते, तिला तिच्या मागची; ही साखळी मुळापासून उभी करणाऱ्यांसाठी सी++मध्ये लिहिलेला एमरस्टसी हा रस्ट कम्पायलर आहे, पण जुन्या मशीनवर त्या वाटेला जाऊ नका, तयार प्रत घ्या. पेन्टियम ३ वर तयार ३२ बिट रस्ट चालत नाही, त्याला एसएसई२ या प्रोसेसरच्या सूचना लागतात.

गो जुन्या सिस्टिमला खूप सोसतं. १.४ पर्यंत ते सीमध्ये होतं, १.५ पासून (ऑगस्ट २०१५) गोमध्येच. साखळी अशी: साध्या जीसीसीने १.४, त्याने १.१७.१३, मग १.२०, १.२२ आणि १.२४. प्रत्येक पायरी काही मिनिटांची. २.६.३२ कर्नलवर १.२३ पर्यंतच थांबा, १.२४ ला ३.२ कर्नल हवा. प्रत्येक टप्प्याची शेवटची उपआवृत्ती घ्या.

२३. दादा, दुकानातल्या मशीनवर विंडोज एक्सपी आहे. तिथे काय?

एक्सपीवर कम्पायलर बांधत बसू नका, दुसरीकडे बांधून प्रोग्राम तिकडे न्या. लिनक्सवर मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ (विंडोजचे प्रोग्राम बनवणारा संच) बसवा, पण एक लक्षात ठेवा: आवृत्ती १२ पासून ते आपोआप यूसीआरटी (विंडोजची नवी सी लायब्ररी) धरतं, आणि ती एक्सपीवर जागेवर नसते. बांधताना ‘विथ-डिफॉल्ट-एमएसव्हीसीआरटी’ला जुनी एमएसव्हीसीआरटी द्या आणि विंडोज आवृत्तीचा आकडा ०एक्स०५०१ ठेवा. गोची एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती १.१० आणि विंडोज ७ वर १.२०. रस्टने १.७८ पासून नेहमीच्या टार्गेटसाठी विंडोज १० ची अट घातली.

२४. एकदा बांधलेला कम्पायलर लॅबच्या बाकी मशीनवर कॉपी केला तर चालेल?

चालेल. जीसीसी आपल्या फायली स्वतःच्या जागेपासून शोधतं, म्हणून /ऑप्ट/जीसीसी-१४ ची टार फाइल करून तिकडे उघडली की पुरे. अट एवढीच की तिथली जीलिबसी तीच किंवा नवी हवी, आणि तिकडे सिस्टिमची जीलिबसी हेडर बसवलेली हवीत.

‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ येत असेल तर दोन ठिकाणी बघा. बांधताना ‘-मार्च=नेटिव्ह’ दिलं होतं का? आणि जीएमपी वेगळं बांधलं होतं का? वेगळं बांधलेलं जीएमपी बांधणाऱ्या मशीनच्या प्रोसेसरसाठी घडवलं जातं आणि जुन्या प्रोसेसरवर मोडतं. वेगळंच बांधायचं असेल तर ‘एनेबल-फॅट’ द्या. प्रश्न ६ मधल्या पद्धतीने, जीसीसीच्या सोर्समध्येच ठेवून बांधलं तर जीसीसी ते असेंब्लीशिवाय बांधतं आणि हा त्रास होत नाही. म्हणून लॅबमध्ये वाटायची प्रत नेहमी तशीच बांधा, आणि शक्य असेल तर सगळ्यात जुन्या प्रोसेसरच्या मशीनवर एकदा चालवून बघूनच बाकीच्यांना द्या.